भरलेल्या खोलीचा संशय

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तयार माल तपासते. समोर आलेला प्रत्येक नग खराबच आहे असं धरून चालायचं आणि तो चांगला निघाला तरच पुढे सोडायचा, याचा मला पगार मिळतो. ही सवय सुटीच्या भोंग्याबरोबर सुटत नाही. दूधवाला जरा जास्त हसला तर मी त्या दिवशी दूध दोनदा गाळते.

नवऱ्याने टीव्हीला जोडायचा गेमचा डबा कुणाकडून तरी जुना विकत घेतला. त्याला क्रिकेट खेळायचं होतं. विकणाऱ्याने सोबत एक भीतीचा गेम फुकट दिला. फुकट दिला म्हणजे यात काहीतरी गोम असणार, म्हणून मीच तो आधी लावून पाहिला. नवऱ्याने दहा मिनिटांत हात टेकले, मला मात्र तो चिकटला.

डोंगरातलं एक बंद पडलेलं इस्पितळ, त्यात अडकलेली एक नर्स, आणि तिला तिथून जिवंत बाहेर काढायचं. पिशवी एवढीशी, विजेरी मरतुकडी, पिस्तुलाला काडतुसं मोजकी. मर्दुमकी दाखवायला गेलात की मेलात. या गेमची खरी ताकद त्याच्या चिकूपणात आहे. दार उघडताना तळहाताला घाम येतो तो पलीकडच्या राक्षसामुळे नाही, आपल्याजवळ काही उरलेलं नाही म्हणून. आवाजही हुशारीने वापरलेत. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं, आपण धडधडत वर जावं तर खुर्ची जागच्या जागी.

खोटही पुष्कळ आहे. राक्षस पुरता दिसला की भीती संपते, ओलं गोणपाट गुंडाळलेला माणूस वाटतो. औषधांच्या खोलीला पितळी घुबडाचे तुकडे जुळवून उघडणारं कुलूप कोणतं इस्पितळ लावतं? आमच्याकडे असला नग आला असता तर मी तिथेच नापास केला असता. शिवाय खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायची सोय ठरावीक खोल्यांतच. आमच्याकडे रविवारी दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ती नर्स राक्षसांपेक्षा जास्त वेळा वीज मंडळामुळे मेली.

पण सगळ्यात मोठी खोट मला सापडली नाही, ती माझ्या सासूबाईंनी पकडली.

सासूबाई कर्जत तालुक्यातल्या गावी एकट्या राहतात. कपाटाची किल्ली कायम कमरेला. चहात साखर चिमटीने घालायच्या. कुरडयांचा डबा उघडताना आमच्याकडे पाठ करायच्या, जणू डब्यात सोनं होतं. काही मागितलं की एकच उत्तर, ‘पुढं लागंल.’ लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या हातून मला पोटभर कुरडई मिळाली नव्हती.

डोळे तपासायला त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी खेळत होते तर शेजारी येऊन बसल्या.

“काय करतीयास गं?”

“या बाईला जगवायचंय, आत्या.”

“मग उगं बार काढू नको. कडंकडंनं जा. पुढं लागंल.”

त्यांचं ऐकून मी कडेकडेने गेले आणि इतके दिवस अडलेला मजला पहिल्यांदाच पार झाला. या गेमला हवा तो स्वभाव त्यांच्याकडे उपजतच होता. मग एका खोलीत शिरले तर काय, टेबलावर काडतुसांचे खोके, मलमपट्ट्या, विजेरीचे सेल. मी हरखून गोळा करायला लागले. सासूबाई मात्र मागे सरकल्या.

“थांब. येवढं कोन फुकट ठिवतंय? म्होरं लई वंगाळ काहीतरी हाय बघ.”

पुढचं दार उघडलं आणि खरोखर आजवरचा सगळ्यात मोठा राक्षस उभा. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच झालं. खोली भरलेली दिसली की पुढे संकट आहे हे आधीच कळायचं. गेमला दया येते आणि तिथेच त्याचं बिंग फुटतं.

दिवाळीनंतर गावाहून पिशव्या यायला लागल्या. शेजाऱ्यांचा टेम्पो नगरच्या मार्केटला यायचा, त्याच्याबरोबर. पहिल्यांदा कुरडयांचा डबा आला, अख्खा. मग साजूक तूप. मग चक्क ती गोधडी, त्यांच्या लग्नातल्या लुगड्यांची, जिला त्या पाहुण्यालाही हात लावू देत नसत.

“आईचं मन मोठं झालं,” नवरा कुरडई मोडत म्हणाला.

पासष्टीच्या बाईचं मन असं एकाएकी मोठं होत नसतं. मला वाटलं, आता या कायमच्या आमच्याकडे येणार, त्याची ही पेरणी आहे. मग वाटलं, नणंदेला काहीतरी मोठं देऊन झालं असेल, हे आमचं तोंड बंद करायला. तुपाचासुद्धा मी वास घेऊन पाहिला. शेवटी फोन केला, “आत्या, एवढं कशाला पाठवता?”

“खावा की. ठिवून काय करायचं?”

हे वाक्य त्यांचं नव्हतं. माझ्या डोक्यात ते खड्यासारखं राहिलं.

पुढच्या रविवारी दुपारी नवऱ्याने खिचडीबरोबर कुरडया तळल्या होत्या, मी खेळत होते. नर्स एका खोलीत शिरली. टेबल भरलेलं. मी त्या टेबलाकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या ताटाकडे. पुढचं दार मी उघडलंच नाही. टीव्ही बंद केला, साहेबांना फोन करून रजा सांगितली आणि सकाळच्या कर्जत एसटीत बसले.

सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मला एकटीला पाहून दचकल्या. आत गेले तर फडताळ निम्मं रिकामं. मी त्यांच्याच शब्दांत विचारलं, “येवढं कोन फुकट ठिवतंय, आत्या? म्होरं काय हाय ते सांगा.”

त्या पदराला हात पुसत आत आल्या. मग दार लोटून घेतलं, माझा हात धरला आणि काखेजवळ, छातीवर ठेवला. सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली.

“उन्हाळ्यापासनं हाय. दुखत न्हाई, म्हनून बोलले न्हाई. पोराला सांगू नको. आता काय, माजं झालं.”

मला इतका राग आला की रडूच फुटलं. “पोराला आत्ता सांगते,” म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच फोन लावला.

त्यांना नगरला आणलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, पुढचे उपचार सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ते फारच गोड बोलले म्हणून मी सगळी कागदपत्रं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. तेही तेच म्हणाले. तरी माझं समाधान होईना, कारण सासूबाई आमच्या घरात चहात साखर मुठीने घालत होत्या. माझ्या डब्यात स्वतःहून जास्तीची पोळी ठेवत होत्या. सगळे म्हणायचे, किती माया लावतात. मला तो गोड चहा घशाखाली उतरत नसे. त्यांनी अजून स्वतःला जगणाऱ्यांच्या जमेत धरलेलं नव्हतं.

उपचार संपले आणि त्या हट्टाने गावी गेल्या. महिनाभराने आम्ही दोघं भेटायला गेलो. कमरेला किल्ली होती. चहा आला, पहिल्याच घोटाला कळलं, साखर चिमटीने. मी कपात काही शिल्लक ठेवलं नाही. नवऱ्याने कुरडया मागितल्या तर त्यांनी पाठ करून डबा उघडला, ओंजळीत मावतील तेवढ्या दिल्या आणि झाकण दाबून बसवलं.

निघताना त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. “ती गोधडी तेवढी आनून दी गं. थंडीत मला लागंल.”

एसटीत नवरा हिरमुसला होता. “दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?” म्हणाला. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बाईच्या बोलण्यावर माझा पुरता विश्वास बसला होता.