गजमामांचा आठ दिवसांचा शब्द

गजमामा कापड डोळे मिटून तपासायचे आणि इंग्रजी डोळे वटारून वाचायचे. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत आम्ही कामाला जायचो तो बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. विणून उतरलेला प्रत्येक तागा त्यांच्या टेबलावर यायचा. मामा डोळे मिटून दोन बोटं कापडावरून फिरवत आणि धागा चुकला असेल तिथं बरोबर थांबत. मीटर आलं, तरी त्यांनी हातातला लाकडी गज काही सोडला नाही. म्हणून ते गजमामा.

शाळा चौथीपर्यंत. पण रद्दीतून मिळालेली एक बिनपुठ्ठ्याची डिक्शनरी होती त्यांच्याकडे. तिची सुरुवातीची पानं गेलेली. म्हणायचे, "ए आणि बीचे शब्द आपल्याकडं न्हाईत गो. पन त्यांच्यावाचून काय अडत न्हाय!"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कापडात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसतात त्या कांड्यांवर सूत भरायचं माझं काम. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मामांच्या टेबलाभोवती डबे उघडायचो. टेबलाच्या कडेला मामा खडूनं एक इंग्रजी शब्द लिहीत. तो आठ दिवस राहायचा. प्रत्येकानं तेवढ्यात तो एकदा तरी वापरायचा, आणि अट एकच, वाक्य खरं पाहिजे.

एका सोमवारी शब्द आला तो असा लांबलचक! इनॲडव्हर्टंटली. कुठल्याशा व्यापाऱ्याच्या पत्रात त्यांना सापडला होता. मी म्हटलं, "मामा, माझ्या तोंडात मावायचा नाही हा."

"तागा काखेत मावतो का? घडी घातली की मावतो ना? मग याला पन घाल," असं म्हणून त्यांनी टेबलावर गज पाच वेळा आपटला. इन, ॲड, व्हर्, टंट, ली. घडी बसली. अर्थही लगेच सांगितला, "हातून झालं, मनातून न्हाय."

मग काय मजा! मामांनीच सुरुवात केली, "मी तुझा चहा इनॲडव्हर्टंटली प्यालो."

"खोटं!" मी म्हटलं. "माझ्याकडे बघत बघत प्यालात."

लूमवाले रहमतचाचा म्हणाले, "हमने तो शादी भी इनॲडव्हर्टंटली कर ली!"

"नामंजूर," मामांनी गज आपटला. "घोड्यावर बसून गेलास ना? मग ठरवूनच केलंस."

चाचांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची समजून मामांची चप्पल घालून नेली, तेव्हा त्यांचं वाक्य पास झालं. शनिवार आला तरी माझं एकटीचंच खरं वाक्य व्हायचं राहिलं होतं.

त्या शनिवारी मामांची बोटं चाचांच्या ताग्यावर थांबली. मग पुढं थांबली. आणखी पुढं थांबली. सगळ्या ताग्यात जाड सुताचे पट्टे! मेहताजी, म्हणजे आमचा कारखाना सांभाळणारे, धावत आले. "काय रहमत, झोपून चालवतोस लूम? कल से मत आना!"

चाचांनी पट्ट्यांवरून हात फिरवला. "कसम से साहब, लूम में कोई खराबी नहीं."

मी माझ्या टोपलीकडे पाहिलं. बारीक सुताच्या कोनांत, म्हणजे शंकूसारख्या रिळांत, एक जाड सुताचा कोन. दोन दिवस मी चाचांच्या लूमसाठी त्याच्याही कांड्या भरल्या होत्या, मैत्रिणीशी गप्पा मारत. बोलले तर काम जाणार, आणि काम गेलं तर पडघ्याला काकांच्या शेतावर पाठवीन, हे आईनं आधीच बजावलेलं. मामांची नजर खडूच्या शब्दावर.

माझ्या तोंडून निघालं, "मेहताजी, जाड सूत मी भरलं. इनॲडव्हर्टंटली."

"काय?"

मामा म्हणाले, "तिच्या हातून झालं म्हंती, मनातून न्हाय."

"तेवढं इंग्रजी कळतं मला!" मेहताजी खेकसले. कळलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि पाठ फिरवून चाचा हसायला लागले. पण कळतं म्हटल्यावर मेहताजींना ते मानावंच लागलं; चाचांचा लूम राहिला, माझं कामही राहिलं. फक्त आठवडाभर सगळे कोन निवडून वेगळे लावायची शिक्षा झाली.

मामांनी ओल्या फडक्यानं शब्द पुसला. मी विचारलं, "चूक माझी, हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"बोटांना कळलं होतं. पन मी सांगितल्यावर तू तो शब्द बोलली असतीस तर तो बहाणा झाला असता. हा शब्द ज्याच्या हातून झालं त्यानंच बोलायचा, आणि कुनी पकडायच्या आधी."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"मग मी बोललो असतो. रहमतला जाऊ देईन व्हय गो?"

काही वर्षांनी मामा काम सोडून अंजूरला घरी बसले. जाताना डिक्शनरी मला दिली. माझं जे काही इंग्रजी आहे ते तिच्यातलं. ए आणि बी मात्र इकडून तिकडून गोळा केले. शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी माझा पदर हातात घेतला, दोन बोटं फिरवली आणि थांबले.

"पट्टा हाय गो यात."

"असू दे मामा. झाला असेल इनॲडव्हर्टंटली."

त्यांनी उशाचा गज उचलून खाटेवर आपटला. "नामंजूर! विननाऱ्यानं येऊन सांगू दे आधी."