मामंजींची खाण आणि माझी कंबर

माझ्या सासऱ्यांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची : ढेरी सुटण्याची आणि सभेला बसण्याची.

बाकी कशाला ते भीत नसत. तीस वर्षं नागपूरकडच्या मँगनीजच्या खाणींत काढलेला माणूस! निवृत्त होऊन आगाशीच्या आपल्या केळीच्या वाडीत परतले, तेव्हा लोक काशीहून गंगेचा गडू आणतात तशा भक्तिभावाने त्यांनी कार्बाइडचा दिवा, दोरखंडाचं वेटोळं आणि एक पत्र्याची टोपी घरी आणली. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी जरा उन्हात बसा." मामंजी पंधरा दिवस उन्हात बसले आणि सोळाव्या दिवशी विरारच्या पूर्वेकडच्या डोंगरात जाऊन एक जुनं भोक शोधून आले.

ते भोक म्हणजे कुणीतरी अर्ध्यावर सोडून दिलेली खाण, असं मामंजींचं मत. हे मत त्यांनी घराबाहेर कधी काढलं नाही, कारण गावाचं मत आधीच ठरलेलं होतं. ते भुयार होतं! आमच्याकडे जमिनीला पडलेलं कुठलंही भोक फिरंग्यांच्या वेळचं भुयारच असतं, मग ते घुशीने पाडलेलं का असेना. गावात लगेच एक भुयार शोधक मंडळ निघालं. सभासद नऊ, पदाधिकारी सात. (उरलेले दोघे नाराज.) नवांपैकी एकही जण वीस हातांच्या पुढे आत गेला नव्हता, पण भुयार कुठे निघतं हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. भाऊमास्तरांचा गट म्हणे, वसईच्या किल्ल्यात. इनासबाबांचा गट म्हणे, छे, आगाशीच्या देवळामागच्या तळ्याशी. (मास्तर देवळात रोज दिवा लावणारे आणि इनासबाब चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे, तेव्हा खरं तर उलट असायला हवं होतं. पण मास्तरांची सासुरवाडी किल्ल्याला लागून होती आणि इनासबाबांच्या पानवेली तळ्याला. भुयाराचं दुसरं तोंड आपल्या ओळखीच्या ठिकाणी उघडावं, एवढीच दोघांची इच्छा.)

गटांचा एकमेकांवर विश्वास इतका, की भुयाराच्या तोंडाला फळ्यांचं दार बसवून त्याला दोन कुलुपं घातली. एक मास्तरांचं, एक इनासबाबांचं. म्हणजे मामंजींना आत जायचं तर दोघेही राजी हवेत! आणि मामंजींना आत जायचंच होतं. "सूनबाई," ते मला म्हणाले, "शरीर आणखी एखादं वर्ष साथ देईल. मरण्याआधी एकदा त्या खाणीचा शेवट बघायचाय. पावसाळा सरला की जाणार." मंडळानेही दिवाळीनंतरचा एक रविवार ठरवला होता.

त्या रविवारासाठी मामंजी वर्षभर तयारी करत होते. आमच्या वाडीत राजेळी केळी पिकली की सोलून सुकेळ्यांसाठी मांडवावर वाळत घालत. मामंजी रोज सकाळी त्या मांडवाखालून पोटावर सरपटत जायचे. दर आठवड्याला मांडव दोन बोटं खाली घ्यायचे. कोपरांना खोबरेल चोळायचं, विहिरीत उतरून श्वास धरायचा, जेवणात भात एकच मूद.

आणि मी? मी तेव्हा वीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. माझ्याकडे देखरेख होती. म्हणजे मामंजी मांडवाखालून सरपटायचे आणि मी मांडवाच्या कडेला बसून, "छान! आणखी थोडं!" असं म्हणत एकेक सुकेळं खायची. मामंजी बारीक होत गेले. वजन कुठेतरी जायला हवंच, ते माझ्याकडे आलं. सासूबाई म्हणायच्या, "यंदा कावळ्यांनी फार नुकसान केलंय गो." मी म्हणायची, "हो ना, मेले कसे टपून बसतात!"

घोळ सुरू झाला तो मंडळाच्या निवडणुकीने. मामंजी कुठल्याच गटात नव्हते, म्हणून दोन्ही गटांना अध्यक्ष म्हणून तेच हवे झाले. एका सोमवारी भाऊमास्तर सह्यांचा कागद घेऊन अंगणात उभे. मामंजी मागच्या दाराने केळीत पसार! जाताना मला एवढंच म्हणाले, "घरात नाहीत म्हणून सांग."

आता 'घरात नाहीत' एवढं सांगून गप्प बसले असते तर मी मी कसली! मी पदर सावरला, चेहरा पाडला आणि म्हटलं, "मामंजी ना? वैद्यांकडे गेलेत. गुडघा गेला हो त्यांचा."

"अरेरे! कुठला गुडघा?"

"दोन्ही."

मास्तर हळहळत गेले. दोन दिवसांनी इनासबाब आले. मामंजी पुन्हा केळीत. मी म्हटलं, "बाबा, सभेला कसले येतात! दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी हलते."

"अगो बाय! आणि परवा तर मला बाजारात चांगले चालताना दिसले?"

"ते दम लागला म्हणून घरी यायला निघाले होते." (माझी हुशारी बघा!) "आणि हल्ली दिसतही नाही फारसं. परवा म्हशीला 'या, बसा' म्हणाले."

मामंजी केळीतून परतले आणि म्हणाले, "गेले का? शाब्बास! राजकारणातून वाचवलंस मला." मी फुगले. (तशी फुगलेली होतेच.)

पुढच्या बुधवारी आगाशीच्या बाजारात, सुक्या बोंबलाच्या टोपलीशी, मास्तर आणि इनासबाब समोरासमोर आले. दोघांचं महिनाभर बोलणं नव्हतं. पण गावात कुणाचं आजारपण असलं की आमच्याकडे अबोला थोडा वेळ बाजूला ठेवतात. मास्तर म्हणाले, "गुडघे गेले बिचाऱ्यांचे." इनासबाब म्हणाले, "गुडघे? मला तर छाती सांगितली." मग त्यांनी म्हैसही जोडली. आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक ठराव एकमताने पास झाला!

त्या ठरावाचं पत्र घरी आलं. मामंजींनी चष्मा न लावता ते खडाखडा वाचलं आणि शांतपणे मला विचारलं, "सूनबाई, मी आंधळा कधी झालो?"

पत्रात होतं की, मामंजींची पांगळी, दमेकरी व अंध अवस्था पाहता मंडळ त्यांना शाल-श्रीफळ देऊन जमिनीखालच्या कार्यातून मुक्त करत आहे, आणि रविवारी त्यांना भुयारात सोडणं धोक्याचं ठरेल.

मी रडायलाच लागले. मामंजी माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत, हे तर फारच वाईट. त्यांनी पत्र्याची टोपी खुंटीवरून काढली, पुसली आणि परत खुंटीला टांगली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "बरं झालं. आता ती शाल तरी पांघरून बसा."

तसे ते बसणारे नव्हतेच. त्यांनी मंडळाला उलट निरोप धाडला : शनिवारी सकाळी या आणि माझी परीक्षा घ्या. आमच्या विहिरीवरच्या रहाटाचं पाणी पाटाने वाहत यायचं आणि बैलगाडीच्या रस्त्याखालच्या दगडी मोरीतून पलीकडच्या वाडीला जायचं. मोरी कोल्ह्याला बरी, माणसाला अरुंद. "त्या मोरीतून मी पलीकडे निघतो. निघालो तर दोन्ही कुलुपं उघडायची. अडकलो तर द्या शाल."

शुक्रवारभर मला घास गोड लागला नाही. (म्हणजे जेवणाचा.) मनात एकच : पावसाने मोरीत गाळ भरला असेल तर? माझ्या तोंडापायी त्यांची खाण गेली, आता माझ्या हलगर्जीपणामुळे परीक्षाही जाईल! शनिवारी सकाळी मंडळ यायच्या आधीच मी खुरपं घेऊन मोरीशी गेले. आत वाकून बघितलं. काळोख. म्हटलं, पासष्ट वर्षांचे मामंजी जाणार, तर विसाव्या वर्षी मला काय धाड भरलीय? मी ओचा खोचला आणि डोकं आत घातलं.

अर्ध्यापर्यंत झकास गेले. गाळ नव्हताच. पण अर्ध्यावर मोरी किंचित बारीक झाली होती, आणि मी झाले नव्हते. पुढे जाईना, मागे येईना! दोन्ही हात अंगाखाली दबलेले. आरडाओरड केली तर आवाज माझ्याच कानांत परत. अशात वरून पावलं वाजली. मंडळ वेळेवर आलं होतं! (एरवी यांची सभा कधी तासभर उशिराशिवाय सुरू झाली नाही.)

विहिरीच्या बाजूला मास्तरांचा गट उभा राहिला, त्यांना माझे पाय दिसले. पलीकडे इनासबाबांचा गट, त्यांना माझा आवाज ऐकू आला.

"पाय आमच्याकडे आहेत, तेव्हा आम्ही ओढणार!" मास्तर म्हणाले.

"पाय कसले ओढता? माणूस डोक्याकडनं निघतो!" पलीकडून इनासबाब.

"ठराव मांडा!" मधूनच एक नाराज सभासद.

"ठराव नंतर मांडा हो, मी मरतेय!" मी.

तेवढ्यात 'ह्यांनी' (माझे यजमान, यांना जगात काय चाललंय ते कधीच ठाऊक नसे) रोजच्यासारखा रेडा रहाटाला जुंपला. पाणी पाटाने खळाळत आलं आणि मला येऊन अडलं. मास्तर गुडघाभर पाण्यात! पलीकडच्या वाडीला थेंब नाही! मी म्हणजे साक्षात बंधारा झाले होते. सासूबाई ओरडत आल्या, "अगो, केळींना पाणी का नाही येत?"

"सूनबाई आडव्या आल्यात," मास्तर म्हणाले.

आणि मग कानाशी शांत आवाज आला. "सूनबाई, हलू नकोस." मामंजी! इनासबाबांच्या पायांमधून वाट काढून ते समोरून कधी आत शिरले, कुणाला कळलंही नाही. डोक्यावर ती पत्र्याची टोपी.

"मामंजी, मी चुकले हो..."

"श्वास घेऊ नकोस. सोड."

"रडू का?"

"रड. रडताना श्वास बाहेरच जातो. आता एक हात पुढे काढ, एक मागे ने. खांदा तिरका होतो. हं. आता सांग, ओच्यात काय आहे?"

"काही नाही."

"सूनबाई, खाणीत खोटं बोलणारा माणूस वर येत नाही."

"...सुकेळी."

"काढ. एकेक."

गाळ काढताना वेळ लागला तर असावीत, म्हणून थोडीशी घेतली होती. मागच्या हाताने एकेक सोडली. कमरेपाशी फट झाली, तुंबलेल्या पाण्याने वाट काढली आणि सुकेळी माझ्या आणि मामंजींच्या अंगावरून वाहत पलीकडे इनासबाबांच्या पायाशी निघाली.

"आलं! एक आलं!" बाहेरून इनासबाब. "आणखी एक! अरे, हे काय चाललंय? अकरा झाली!"

त्या मागोमाग सासूबाईंचा आवाज, अगदी गोड : "मी म्हणतेय, कावळे एवढे कसे खातात!"

बाराव्या सुकेळ्याला मी सुटले. मामंजींनी माझं मनगट धरलं आणि पोटावर मागे मागे सरत, चिखलपाण्यातून मला ओढत पलीकडे काढलं. बाहेर येऊन उभे राहिले तर धापसुद्धा लागलेली नव्हती. इनासबाब त्यांच्या छातीकडे बघत होते, पळत आलेले मास्तर गुडघ्यांकडे. 'ह्यांनी' सोडलेला रेडा तेवढ्यात रस्त्यावर आला होता, त्याच्याकडे बोट दाखवून मामंजी म्हणाले, "हा रेडा आहे. याला मी बसा म्हणणार नाही."

दोन्ही किल्ल्या तिथल्या तिथे त्यांच्या हातावर पडल्या.

रविवारी सगळं गाव डोंगरावर. मामंजी दिवा पेटवून आत गेले. तासभर गेला. मग ते बाहेर आले, अंगभर लाल माती, आणि चेहरा काशी करून आल्यासारखा. मास्तर पुढे धावले, "किल्ला?" इनासबाब धावले, "तळं?" मामंजींनी सावकाश टोपी काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वाट पुढे जाते. पण पुढे ती आमच्या सूनबाईपेक्षा अरुंद आहे."

दोन्ही गटांनी मान डोलावली. काल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं! चिटणिसांनी वहीत तसंच लिहून घेतलं आणि भुयार किल्ल्यातही निघत राहिलं, तळ्याशीही.

घरी परतताना मी हळूच विचारलं, "मामंजी, खरंच वाट आहे पुढे?"

"भिंत आहे. सरळ, सुंदर, छिन्नीच्या खुणा असलेली भिंत," ते म्हणाले. "पण भिंत म्हटलं असतं, तर दोन्ही गट एक झाले असते. माझ्याविरुद्ध."

आता नातवंडं मोठी झाली, डोंगराखाली घरं आली. पण अजून कुणी ना कुणी विचारतंच, की एवढे शिकलेसवरलेले लोक इथे होऊन गेले, मग त्या भुयाराचा छडा आजवर का लागला नाही? मी त्यांच्यापुढे सुकेळ्यांची बशी सरकवते. साऱ्या पंचक्रोशीचा इतिहास माझ्या कमरेपाशी अडलाय, हे कुठल्या तोंडाने सांगू?