ओट्यावर बसलेली गोदामावशी

मी शिकायच्या आधी आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हिमायतनगरच्या पुढं आमचं मुरमाड रान, आणि घरात दोन बायकांत मिळून एकच धड लुगडं. जिला बाहेर जायचं ती नेसायची. आई आणि गोदामावशी या त्या दोघी. सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या. मावशीला मूल नव्हतं, मी होते.

मावशी जेवायचीसुद्धा उभ्यानं. भाकरी तळहातावर, तिच्यावर ठेचा, आणि डोळे गोठ्याकडं. कुणी बस म्हटलं की तिचं ठरलेलं, "बसून कुणाचं भलं झालंय?" मला लातूरला कॉलेजात घालायचं म्हटल्यावर वडील विचार करत बसले. मावशी हेच म्हणाली, माझी पेटी उचलली आणि फाट्यावर जाऊन एस्टीची वाट बघत उभी राहिली. म्हणून मी पदवीधर झाले. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

ती बसायची फक्त महिन्याचे ते दिवस. ओट्याच्या कोपऱ्यात, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिथूनही कोंबड्यांना शिव्या चालू. पाळी गेली तेव्हा तिनं ओट्यालाच हात जोडले होते, सुटले बाई म्हणून.

मी जीवशास्त्रात एमएस्सीला असताना सुट्टीत घरी आले, तर मावशी पुन्हा ओट्यावर. पाळी जाऊन वर्षं झालेली. विचारलं तर लाजली. आई हसून म्हणाली, अक्काचं वय माघारी आलं. हे दिवाळीपासून चाललं होतं म्हणे. दरवेळी मावशी नेमानं बाहेर बसली, नेमानं न्हाली, आणि न्हाणं झालं की विषय मिटला. विटाळ तो, त्याला औषध कशाला? मला अभ्यासातली एकच गोष्ट आठवत होती. पाळी गेल्यावर रक्ताचा थेंब जरी दिसला तरी तपासायचं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाच्या पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. पिशवी काढली, किरणांचा शेक दिला. सख्ख्या बहिणीनंही जपायला हवं, हे बाईंनी बजावलं. आईनं मान हलवली. तिची मान कशालाही हलते.

पुढं संशोधनाला मी हाच कॅन्सर घेतला. मावशीला चैन नसायचं. मी घरी गेले की दारातच विचारायची, सापडलं का काही? एकदा मी नीट सांगितलं. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या मुळासारख्या असतात. औषधानं बाकीच्या मरतात, या दबा धरून राहतात आणि पुन्हा गाठ उभी करतात.

"कुंदा हाय मंग तो," ती म्हणाली. रानातलं ते चिवट तण तिनं जन्मभर खणलं होतं. "पण खाऊन काय राहिलाय त्यो? उपाशी मार की त्याला."

मी म्हटलं, तेच तर शोधतेय. साखर मिळाली तर साखर, नाही तर चरबी, त्या पेशी खाणंच बदलतात.  मग कळलं की गाठीची उपासमार व्हावी म्हणून मावशीबाईंनी परस्पर चहातली साखर बंद केली होती. तसं होत नसतं, हे सांगितल्यावर भडकली.

"आधी सांगायचं न्हाई व्हय? कवापासून कडू पिऊन राहिले मी."

आणि लगेच आईला गोड चहा टाकायला लावला.

कुंदा परत आलाच. फुप्फुसापर्यंत गेला. मावशी खाटेवर आली, पण तिथंही टेकायची नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. मी प्रयोगशाळेत पेशी वाढवत होते, मारत होते, आणि माझ्या हातातलं काही तिच्यापर्यंत वेळेत पोहोचणार नाही हे मला कळत होतं. तिलाही कळत असावं.

त्याच दिवसांत एका सकाळी तिला खाटेवरून आई दिसली. ओट्यावर, वेगळं ताट घेऊन. आईची पाळीसुद्धा कधीच गेलेली होती. मावशी भिंत धरत धरत बाहेर आली, आत्ताच्या आत्ता नांदेडला दवाखान्यात जा म्हणाली. आईचं सुरू झालं, एवढं न्हाणं होऊ दे, विटाळाचं एस्टीत कसं बसू, लोक काय म्हणतील.

"ऊठ, शांते," मावशीनं तिचं मनगट धरलं. "मी बसले हितंच. बसून काय भलं झालं माझं?"

तिनं पेटीतलं ते जुनं लुगडं काढून आईच्या अंगावर टाकलं, आणि मला फोन लावला की शांता निघाली, स्टँडवर उभी राहा.

आईलाही कॅन्सरच निघाला, पण गाठ अजून अस्तरातच होती. पिशवी काढली, शेकाचीसुद्धा गरज पडली नाही. ती टाके काढून घरी आली तेव्हा मावशी जेमतेम बोलत होती. तिनं आईला विचारलं, चालत आलीस का? आई हो म्हणाली. नंतर थोड्याच दिवसांत मावशी गेली.

माझा प्रबंध पूर्ण झाला. त्या पेशींना उपाशी कसं मारायचं हे अजून कुणाला पुरतं सापडलेलं नाही, मलाही नाही. पण आई जिवंत आहे, रोज रानात जाते. आणि आमच्या ओट्यावर आता कुणी बाई वेगळं ताट घेऊन बसत नाही.