चंद्रप्पाचा रंग

आमच्या मालकांचं नाव मला घ्यायला लावू नका. लातूरच्या बाजारात पाटी होती, 'मडिवाळप्पा फोटोवाले', तीच वाचा.

लातूर नवा जिल्हा झाला आन् ज्याला त्याला फोटो पाहिजे झाला. अर्जाला फोटो, कार्डाला फोटो. बाकीच्यांनी रंगीत दुकानं थाटली. आमचं ध्यान मात्र न्हाणीतच, काळे-पांढरे फोटो धूत. दाराला घोंगडी, बल्बाला लाल कागद. फोटो मोठा करायची मशीन म्हंजे डालडाचा डबा आन् जुन्या कॅमेऱ्याची काच. सगळ्यांत लाडकी ती पळी! सायकलच्या चाकाची तार, टोकाला पुठ्ठ्याची चकती, बस्स. कागदावर उजेड पडंल तेवढा तो काळा होतो. म्हणून चेहऱ्यावर पळीची सावली धरायची, की चेहरा उजळ निघतो. ती सारखी हलवायला लागती, न्हाईतर तोंडाभोवती गोल डाग उमटतो. चुलीवर भाकर करपली तरी ह्या माणसाचा हात कधी हलला न्हाई, पण तिथं कसा झरझर चालायचा!

त्यात दुष्काळ पडला. टँकर दिवसाआड यायचा, घागरीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आन् फोटोला तर पाणी लई लागतं. औषध नीट धुतलं न्हाई तर वर्षात फोटो पिवळा पडतो, आन् ते पाणी मग झाडालासुद्धा घालता येत न्हाई. मी बजावलंच होतं, "पिण्याच्या घागरीला हात लावाल तर बघा."

अशात औशाकडनं रुद्राणीअव्वा आली, सुनेचा, जगदेवीचा हात धरून. तिचा लेक चंद्रप्पा साप चावून गेला होता. म्हातारीचे दोन्ही डोळे विझत चाललेले, डॉक्टरनं हात टेकलेले. म्हणाली, "आप्पा, पार अंधार व्हायच्या आधी लेकाचं तोंड एकदा बघू द्या."

चंद्रप्पाचा फोटो सगळा मिळून एकच. चुलतभावाच्या लग्नात ह्यांनीच काढलेला, त्यात तो कडंला मांडवाच्या सावलीत उभा. तोंड म्हंजे नुसता काळा ठिपका.

ह्यांनी निगेटिव्ह हुडकली, पळी घेतली आन् तळहाताएवढा चेहरा काढला. वापरायचं उरलंसुरलं पाणी त्यात गेलं. मिशीतल्या मिशीत हसत बाहेर आले. बघते तर चंद्रप्पा गोरापान! गिऱ्हाईक दारातनंच सांगायचं ना, "जरा उजळ करा बरं का." हाताला वळणच तसं पडलेलं.

अव्वानं फोटो पार नाकाजवळ नेला. लई वेळ बघितला.

"ह्यो कोण हाय?"

"अव्वा, तुमचा चंद्रप्पा."

"न्हाई बाबा. माझा लेक काळा होता. हे दुसऱ्याचं लेकरू हाय, ज्याचं त्याला द्या."

जगदेवी खाली मान घालून म्हणाली, "हाव. इतके गोरे कुठं होते ते." आन् तोंडाला पदर लावून रडायला लागली.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. हात जोडले. "चुकलो, अव्वा. परत काढतो." पण धुवायचं कशात? घरात पिण्याची एक घागर होती, टँकर उद्याशिवाय न्हाई. माझ्याकडं बघायची काय त्यांची हिंमत झाली न्हाई.

मला असा राग आला म्हणता! ह्यांच्यावर, टँकरवर, वरच्या महादेवावरसुद्धा. पण अव्वा त्या परक्या फोटोवरनं अजून बोट फिरवत होती, कुठं लेक सापडतो का म्हणून. माझ्यानं बघवंना. मीच घागर उचलली आन् न्हाणीच्या दारात ठाणकन ठेवली.

"घ्या. आन् ह्या बारीला त्याला त्याच्या रंगात काढा."

ह्या बारीला पळी त्यांनी थोडीच धरली. चेहरा काळाच राहिला, पण नाक, डोळे, कपाळावरचं भस्म, सगळं उमटलं. घागरभर पाण्यानं धुतला आन् ओलाच अव्वाच्या हातात दिला.

अव्वानं तो डोळ्याशी धरला आन् एकदम खेकसली,

"उन्हात किती हिंडतोस रं! बघ, कसा काळाठिक्कर पडलास. चल, घरला चल आता."