हर्नियाचे आजोबा डोळ्यांच्या रांगेत

हर्नियाच्या आजोबांना मी डोळ्यांच्या विभागात बसवून आलो.

खरं तर मी तिथे कुणाला बसवायला गेलोच नव्हतो. पिंपरीतल्या एका दवाखान्यात पेशंटना हात धरून नेणारे, वाट दाखवणारे स्वयंसेवक आहेत; त्यांच्या आठवणी मला मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या होत्या. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून आपल्याला माणसं बोलती करता येतात, असा माझा समज आहे. घरात तो दुसऱ्या कुणाचा नाही.

स्वयंसेवकांतल्या सगळ्यात जुन्या काकू म्हणाल्या, "भाऊ, बसून गप्पा मारायला मला सवड नाही. हा अ‍ॅप्रन घाला, बरोबर फिरा. जाता-येता सांगते."

अ‍ॅप्रन चढला आणि माझ्या अंगात थेट डॉक्टरच आला. काकू व्हीलचेअर ढकलत पुढे गेल्या, तेवढ्यात निघोज्याहून आलेले एक आजोबा दिसले. सून केसपेपरच्या रांगेत, हे एकटे. डोळ्यांवर काळा चष्मा. आता विचारायचं काय राहिलं?

"चला बाबा."

"आरं पर माजं…"

"काही बोलायचं नाही. मी आहे ना!"

त्यांना डोळ्यांच्या बाकावर बसवलं, वर "उठायचं नाही हं" असा दमही दिला.

परत येतो तर सून घाबरीघुबरी. "मामंजी कुठं गेले? ऑपरेशनची तारीख देणारे डॉक्टर आता निघाले, तर डायरेक्ट पुढचा आठवडा. मला कंपनीत परत सुट्टी नाही मिळायची हो!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांच्या विभागाकडे बोट दाखवलं. त्यांनी सुनेला तिकडे पिटाळलं आणि स्वतः पळाल्या. खांद्याला बॅग लावून डॉक्टर लिफ्टमध्ये शिरलेच होते. काकूंनी दारात पाय घातला. "डॉक्टर, एकच पेशंट राहिलाय. चूक आमची आहे."

'आमची' म्हणाल्या, हे मुद्दाम नोंदवतो.

डॉक्टर वळले. आजोबांच्या डोळ्यांत थेंब पडायचेच बाकी होते. तपासणी झाली, तारीख मिळाली. चष्मा रस्त्यावरच्या धुळीसाठी होता, हेही कळलं.

बाहेर येताना सुनेने विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

"आमचं बोलणं ऐकून आठवणी लिहिणार आहेत," काकू म्हणाल्या.

"ऐकून?" आजोबांनी पोट धरलं. "बाई, हसवू नगा, लई दुखतंय हितं."