कोकिळाचा रक्तगट

रक्तपेढीत डॉ. जयमालाबाईंची एक गंमत सांगतात. बाई पांढऱ्या टाइलवर रक्ताचा थेंब हलवायला लागल्या, की ओठांतल्या ओठांत कोणाशी तरी बोलतात. "म्याडमच्या अंगात येते," टेक्निशियन वैष्णवी म्हणते आणि खुसखुसते.

बाई उत्तर देत असतात. अकरा वर्षांपूर्वीची कोकिळा त्यांना विचारते, "म्याडम, पाठीत काऊन असं तुटून राह्यलं हो?"

बाळंतपणात कोकिळाचं रक्त थांबेना. बाई तेव्हा बुलढाण्यात नव्या. टाइलवर थेंबाची गुठळी झाली नाही, म्हणजे ओ. त्यानंतर उलटी तपासणी करायची असते. रोग्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या पेशींशी ताडून बघायचा. दारावर थापा पडत होत्या. बाईंनी ती तपासणी सोडली, पिशवीतल्या रक्ताशी मेळ बघायचाही सोडला आणि ओची पिशवी दिली. दुसरी पिशवी अर्धी असताना, पाठ तुटते म्हणता म्हणता कोकिळा गेली. कागदावर कारण लागलं, अतिरक्तस्राव.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या नमुन्यावर बाईंनी उलटी तपासणी केली. ओच्या पेशींचीही गुठळी झाली. बॉम्बे गट. दहा हजारांत एखाद्याचा. त्याला त्याच गटाचं रक्त चालतं, ओ घातक.

बाईंनी तोंड उघडलं नाही. त्या संशोधनाला लागल्या. गावोगाव शिबिरं, हजारो नमुने, निबंध, परिषदांतल्या शाली. निबंधात कोकिळा 'रुग्ण क्रमांक एक' आहे. कोकिळाच्या माहेरी, साखरखेर्ड्याच्या शिबिराला तर त्या मुद्दाम गेल्या होत्या. तिथे तिचा भाऊ प्रसेनजित बॉम्बे निघाला. हा गट भावंडांत सापडतो, हे बाई दर घरी समजावून सांगत. त्याला नाही सांगितलं. त्याने हौसेने मोटार रिवायंडिंगच्या दुकानाच्या शटरवर रंगवून घेतलं : 'रक्तगट बॉम्बे, तालुक्यात एकमेव'.

यंदाच्या मार्चात मलकापूरला रेणुका नावाची बाळंतीण तीनच्या हिमोग्लोबिनवर आली. बॉम्बे. मुंबईहून पिशवी यायला दुसरा दिवस उजाडला असता. बाईंनी प्रसेनजितला फोन लावला. अकरा वाजता तो रक्तपेढीच्या दारात हजर.

"जय भीम, म्याडम! आला तुमचा एकमेव."

"जय भीम. जेवलात ना, दादा?"

"दोन भाकरी दाबून. घ्या, किती पायजे तितकं."

सुई लागली. पिशवी भरू लागली. वैष्णवीला गप्प बसवत नाही.

"रेणुकाताईच्या भावालेही बोलावलं हो तपासाले. हे भावंडांत निघते ना."

प्रसेनजितची मूठ थांबली.

"भावंडांत?"

"हाव. चारांत एखादा तरी."

त्याने मान वळवून बाईंकडे पाहिलं. "मग माह्या कोकिळाचं कोणतं होतं, म्याडम? इथलंच रक्त चढवलं होतं तिले."

वैष्णवी बाईंकडे बघत राहिली. बाईंना कळत होतं : आता 'ओ' म्हटलं की पिशवी भरेल, रेणुका जगेल. खरं सांगितलं तर हा सुई उपसून निघून जाईल, आणि जाण्याचा त्याला हक्क आहे.

"बॉम्बे," बाई म्हणाल्या. "मी नीट तपासलं नाही. ओ दिलं. त्यानं गेली ती."

"रक्त गेलं म्हणून गेली ना?"

"नाही, दादा. माझ्यामुळे."

"मी तवा बाहेर बाकड्यावर होतो." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "दारावर थापा मीच मारून राह्यलो होतो. एकदा बाहेर येऊन माहं बोट टोचलं असतं तं?"

"तर कदाचित तुमचंच रक्त चाललं असतं तिला."

त्याचा मोकळा हात सुईवर गेला. तिथेच राहिला.

"किती झालं?" त्याने वैष्णवीला विचारलं.

"अ… अर्धी."

"होऊ द्या पूर्ण. त्या बाळंतिणीनं काय केलं माहं?"

त्यानंतर तो छताकडे बघत मूठ उघडझाप करत राहिला. पिशवी भरली, तपासण्या उरकल्या. पिशवी घेऊन गाडी घाट उतरून मलकापूरकडे निघाली. वैष्णवीने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही.

"म्याडम, माय आहे अजून घरी. अकरा वर्षं म्हणते, कोकिळाच्या अंगातच जोर नव्हता, मीच कमी खाऊ घातलं. तिले सांगा तुम्ही."

"येते मी. रविवारी…"

"आज. चारची गाडी आहे."

बाईंनी अंगावरचा पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला.

एसटीत ते एकाच बाकावर बसले. दुसरी जागा नव्हती. बुलढाणा सुटेपर्यंत कोणी बोललं नाही. कोकिळाही नाही.

कंडक्टर आला. "एक फुल, ताईंचं हाफ?"

"ज्याचं त्याचं," प्रसेनजित म्हणाला.