पाणीपट खेळायला पारनेर तालुक्यात गेलो तेव्हा

माझी नात संगणकावर दोन प्रकारचे खेळ खेळते. एकात आपण कुणीतरी दुसरंच माणूस व्हायचं, दुसऱ्यात राज्य चालवायचं. खेळून झालं की ती आणि तिच्यासारखे खेळणारे तासन्‌तास लिहीत बसतात: या भूमिकेत कसं वाटलं, कुठला डाव चुकला, कुणी कुणाला कसं फसवलं. मी ते सगळं वाचतो. परवा ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतंच ना?" होतं. एकदाच भेटलं, आणि त्यासाठी मला एस.टी.नं, मग पायी जावं लागलं. तीच सहल लिहितो आहे.

त्र्याहत्तर साल उजाडलं होतं. मी पुण्यात एका छापखान्यात आरेखक होतो. सापशिडी, व्यापाराचे पट, शाळांचे नकाशे अशी आमची कामं. एक दिवस पारनेर तालुक्यातल्या एका शाळामास्तरांचं पत्र आलं. त्यांनी 'पाणीपट' नावाचा खेळ तयार केला होता, तो छापायला किती खर्च येईल, असं विचारलं होतं. सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला गावाचा नकाशा होता. शेवटी लिहिलं होतं, "खेळात एक दोष असावा. एकच बाई दर वेळी जिंकते. कारण सापडत नाही."

मालकांनी पत्र बाजूला ठेवलं. मी ते घरी नेलं आणि शनिवार आणि सोमवारची रजा टाकली.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून नगरची एस.टी. धरली. सुप्यापर्यंतचं तिकीट पाच रुपयांच्या आत होतं. आज हा रस्ता चौपदरी आहे, गाडी असेल तर दोन तासांत सुपं येतं. तेव्हा शिरूरला घोड नदीच्या पुलावर सगळी गाडी खिडकीकडे वाकली. नदीत पाणी नव्हतं, वाळूत खणलेले झरे होते आणि त्यांच्याभोवती घागरी. पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. पुढे मैलोगणती एकच दृश्य होतं: दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, आणि फोडलेल्या खडीचे मोजून रचलेले ढीग.

सुप्याला उतरून भजी आणि चहा घेतला. तिथून पारनेरची गाडी, आणि मधल्या एका फाट्यावर उतरून चार मैल पायी. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं खरी आहेत, त्यांची नातवंडं तिथं आहेत. तुम्ही त्या बाजूला गेलात तर डिसेंबरात जा आणि पायात जाड तळव्याची चप्पल घाला. माळ सगळा मुरमाड आहे.

गावात शिरलो तेव्हा घसा सुकला होता. वाटेतच एक विहीर लागली, रहाटाला दोर होता. मी दोर सोडला, बादलीभर पाणी काढलं, प्यालो, तोंड धुतलं आणि शाळा विचारत पुढे गेलो.

रामभाऊ गुरुजी पन्नाशीचे, किडकिडीत. बायकोचं नाव हौसाबाई. त्यांनी जेवायला लाल मिलोची भाकरी आणि पिठलं वाढलं. रेशनवर मिळणारी ती परदेशी ज्वारी गुरुजींच्या घशाखाली नीट उतरत नसे, पण पाहुण्यापुढे ते तक्रार करीत नव्हते. हौसाबाईंनी केली. "पुन्यात बी हीच मिळती का हो?" मी म्हटलं, आम्हाला गहू मिळतो. त्या म्हणाल्या, "मग जपून खावा ही. दात हलत्यात."

जेवून शाळेच्या ओसरीवर गेलो. तिथं पट होता. फरशीवर चुन्यानं काढलेलं गाव: ओढा, टेकडी, शेतं, चार घरं आणि मधोमध एक विहीर. पाणी म्हणजे चिंचोके, आणि ते ठेवायला प्रत्येक घराची एक खापरी. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं पाणी विहिरीला लागलं. दिवाळी ते मृग अशा आठ फेऱ्या, आणि दर फेरीला प्रत्येक घराला दोन चिंचोके खर्च. सलग दोन फेऱ्या पाण्याविना गेलेल्या घराला गाव सोडावं लागे. मृगाला ज्याच्याजवळ जास्त चिंचोके, तो जिंकला.

सर्वांत मोठी गंमत मला चिठ्ठ्यांची वाटली. खेळाआधी प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची: विहिरीचा मालक, कोरडवाहू शेतकरी, दुकानदार, मजूर. जी निघेल ती भूमिका. विहिरीतून पाणी काढायला मालकाला मजूर लागतोच, मजुराचं घर गेलं की विहीर बंद. पाण्याचा भाव मालकानं ठरवायचा, मोल खड्यांत मोजायचं. आणि खेळ संपल्यावर, कसं वाटलं ते सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

"हा शेवटचा नियम कशाला?" मी विचारलं.

"पोरांसाठी केला होता," गुरुजी म्हणाले. "दुष्काळी कामावर पोरं जायला लागली, वर्ग ओस पडला. मग मोठीच माणसं सुट्टीला येऊन खेळायला लागली. आता नियम मोडता येत नाही. त्यांना खेळापेक्षा बोलायलाच जास्त आवडतं."

"आणि ती जिंकणारी बाई?"

"गयाबाई. उद्या कामाला सुट्टी आहे. येतील त्या."

रविवारी सकाळी पाय मोकळे करायला निघालो आणि कालच्या विहिरीपाशी थबकलो. गावात पाणी टिकलेली ती एकच विहीर होती, तात्या नावाच्या बागाईतदाराची. गावातल्या बाया रहाटावर पाणी काढत होत्या. दहा-बारा पावलं अलीकडे, बाभळीखाली, आणखी काही बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ झाला तरी त्या उठेनात. मग तात्यांच्या घरातली एक सून आली, तिनं पाणी काढून वरून एकेका घागरीत ओतलं. बाभळीखालच्या बाया बौद्धवाड्यातल्या होत्या. मला ते कळलं, आणि मी कुणाला काही न विचारता परत फिरलो.

दहाच्या सुमारास ओसरीवर चौघे जमलो: मी, हौसाबाई, तात्या आणि गयाबाई. गुरुजी पट सांभाळणार. तात्या साठीचे, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. गयाबाई चाळिशीच्या, खडी फोडून हातांना घट्टे पडलेले. सकाळी बाभळीखाली मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनीही मला पाहिलं असणार. त्या ओसरीच्या कडेला बसल्या, पटाजवळ पण इतरांपासून जरा अंतरावर.

पहिल्या डावात मला विहिरीची चिठ्ठी निघाली. मी खूश झालो. पाण्याचा भाव चढा लावला आणि चिंचोक्यांचा ढीग करत सुटलो. गयाबाई मजूर होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी पाणी मागितलंच नाही, चौथ्यालाही नाही, आणि आपली खापरी उचलून चुन्याच्या रेषेबाहेर ठेवली. मजूर गेला, माझी विहीर बंद पडली. ढीग दर फेरीला दोनानं उतरत गेला आणि मृगाआधी संपला. बाहेर गेलेल्याला गाठीला चिंचोके असतील तर मृगाला परत येता येत होतं, आणि बाहेर असताना खर्च नव्हता. गयाबाई पदराच्या गाठीत चार चिंचोके घेऊन परत आल्या आणि जिंकल्या.

"तुम्ही मुद्दाम गेलात?" मी विचारलं.

"व्हय. तुमचा भाव परवडंना," त्या म्हणाल्या. "माज्याबिगर तुमची इहीर बंद पडती, ह्ये तुमी इचारातच घेतलं न्हाई."

गुरुजी वहीत काहीतरी लिहीत होते. आपल्याच खेळातली ही वाट त्यांनाही ठाऊक नव्हती.

दुसऱ्या डावात मी कोरडवाहू शेतकरी झालो आणि भीतीपोटी सगळं साठवत बसलो, तोही हरलो. तेव्हा गयाबाई दुकानदार होत्या, आणि त्याच जिंकल्या. मग भाकरी खाऊन तिसरा डाव मांडला. चिठ्ठ्या उघडल्या. विहीर गयाबाईंना निघाली. तात्या मजूर.

हौसाबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

पहिल्या फेरीला तात्यांनी आपली खापरी विहिरीच्या चौकोनाजवळ सरकवली. "दोन घाल."

"थांबा जरा," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी आधी हौसाबाईंना दिले, मग मला दिले, कवड्या झटकून नीट रचल्या, आणि शेवटी तात्यांच्या खापरीत वरून दोन चिंचोके टाकले. मोल काहीच मागितलं नाही.

दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. तिसऱ्या फेरीला तात्या म्हणाले, "देनार हायेस का न्हाई त्ये सांग."

"देनार की. थांबा."

आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. तात्या उठले. "ह्यो काय खेळ हाय," असं पुटपुटत ओसरीच्या टोकाला खांबापाशी पाठ करून उभे राहिले. ती फेरी त्यांच्या घराला पाण्याविना गेली. चौथ्या फेरीच्या कवड्या गुरुजींनी टाकल्या, पण त्यांचा हात पटावरच थांबला. आणखी एक फेरी अशीच गेली असती तर मजुराचं घर उठलं असतं, विहीर बंद झाली असती, आणि गयाबाई हरल्या असत्या.

"गयाबाई, तात्यांना हाक मारा," गुरुजी हळू म्हणाले.

"मी न्हाई हाक मारायची. त्यांना यायचं तर येतील."

मला आठवतं, मी गयाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथं काही दिसतं का म्हणून. त्या पटाकडे बघत होत्या, कामावर खडीचा ढीग भरला का ते बघावं तशा.

तात्या परत आले. खाली बसले, हात लांब केला आणि विहिरीतून दोन चिंचोके आपल्या हातानं उचलून खापरीत टाकले.

हौसाबाई म्हणाल्या, "असं चालतं व्हय?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. पाणी मालकानं द्यायचं, असा नियम होता. गुरुजी काही म्हणण्याआधी गयाबाई म्हणाल्या, "घिऊ द्या. माज्या हिरीवर आपल्या हातानं घेतलं तरी चालतंय."

पुढच्या चारही फेऱ्यांना ज्यानं त्यानं आपलं पाणी आपण घेतलं. मृगापर्यंत चारही घरं गावात राहिली. गुरुजी म्हणाले, असं आजवर झालं नव्हतं. मोजणीत तात्या पहिले आले आणि गयाबाई शेवटच्या.

मग बोलायची वेळ झाली. हौसाबाई म्हणाल्या, "मला मगाशी भ्या वाटलं. खेळातलं का खरं, त्ये कळंना." तात्या म्हणाले, "तीन फेऱ्या वाट बघाय लावली. लई येळ वाटला."

"मला न्हाई लई येळ वाटला," गयाबाई म्हणाल्या.

माझी पाळी आली. दोन डाव हरलेलो आणि तिसऱ्यातही मधेच कुठेतरी अडकलेलो मी म्हणालो, "मजा आली." गुरुजींनी वहीत ते लिहून घेतलं. ती वही आज कुठे असेल कोण जाणे, पण त्या ओळीची मला अजून लाज वाटते.

सोमवारी पहाटे फाट्याकडे निघालो. विहिरीवर तेच: रहाटावर बाया, आणि बाभळीखाली थांबलेल्या बाया. गयाबाईही त्यांच्यात होत्या. काल काही बदललं असेल असं मी धरून चाललो होतो, आणि बदललं नव्हतं. त्यांनी मला बघून हात वर केला.

पुण्यात मालकांना खेळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "चारही जण शेवटपर्यंत टिकले तर मजा काय? असला पट विकत कोण घेणार?" मी गुरुजींना नकार कळवला. त्याच पत्रात पुढे लिहिलं की मी त्या दिवशी खोटं बोललो. शनिवारी मी त्या विहिरीतून स्वतः दोर सोडून पाणी प्यालो होतो, मी कोण, कुठला, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिसऱ्या डावात मला सारखं तेच आठवत होतं.

महिन्यानं उत्तर आलं. गुरुजींनी माझं पत्र खेळाच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं. पुढे दोन बातम्या होत्या. पटावरचा नियम बदलला: ज्याची खापरी त्यानंच भरायची. तो बदल तात्यांनी सुचवला. आणि त्यानंतर आठवड्यानं गयाबाई बाभळीखालून उठल्या, खऱ्या विहिरीवर गेल्या आणि त्यांनी दोर सोडला. तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. ते आत गेले. पुढे दोन दिवस त्यांच्या घरच्यांनी दोर काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी गयाबाई घरचा दोर घेऊन आल्या. त्यानंतर कुणी अडवलं नाही, असं गुरुजींनी लिहिलं होतं.

पाऊस झाल्यावर, दिवाळीच्या आसपास मी पुन्हा गेलो. बाजरी निघाली होती, ओसरीवरचा चुना पुसला गेला होता, आणि खेळायला कुणालाच सवड नव्हती. गयाबाईंच्या घरी चहा घेतला. मला जे विचारायचं होतं ते तिथं विचारलं: तिसऱ्या डावात तात्या परत आलेच नसते तर? विहीर बंद पडली असती, तुम्हाला ते सगळ्यांत आधी कळलं असणार. मग हाक का नाही मारली?

"मग मी हरले असते," त्या म्हणाल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली.

घरी येऊन मी तो पट मांजरपाटावर रंगवला. पन्नास वर्षांत नातेवाइकांशी, शेजाऱ्यांशी कितीदा तरी खेळलो आहे. विहिरीची चिठ्ठी मला पुष्कळदा निघते. समोरचा रुसून उठला की आठवतं त्या काय म्हणाल्या होत्या, आणि ठरवतो की या खेपेला गप्प बसायचं. पण मी दर वेळी हाक मारतो. मला हरायला आवडत नाही.